इशारा एकाचाच

स्टीलच्या पेल्यावर चमचा दोनदा वाजे. टण्, टण्. मग क्षणभर काहीच नाही, आणि त्या रिकाम्या क्षणानंतर त्यांचा आवाज. बोलण्याआधी, खुर्चीवरून उठण्याआधी, कोणाच्या पाठीमागून जाण्याआधीदेखील ते अशी वर्दी देत. हाताशी पेला नसेल तर खिडकीच्या गजावर किल्ली वाजे.

“घंटी दिल्याबिगर हलाचं नाही,” ते म्हणत. “खाली माणसं असतात.”

तुम्हीही अशी माणसे पाहिली असतील. नोकरी संपते, हजेरीच्या वहीतून नाव जाते, पण कामाची एखादी सवय अंगात चालत राहते. निवृत्त पोस्टमन लग्नपत्रिका हातात आली की आधी पत्ता वाचतो. शाळेतून निवृत्त झालेल्या बाई देवळातही मुलांना रांगेत उभे करतात. हे गृहस्थ पस्तीस वर्षे पोलादाच्या कारखान्यात ओव्हरहेड क्रेनवर होते. छताखालच्या रुळांवरून सरकणारे ते अजस्र यंत्र, त्याला लटकलेली छोटीशी केबिन आणि तिच्यात एकटा माणूस. खाली आकड्याला वितळलेल्या पोलादाने काठोकाठ भरलेले पात्र. हलण्याआधी घंटी. ती घंटी ते घरी घेऊन आले होते.

सगळे त्यांना काका म्हणत, म्हणून मीही म्हणे.

दुर्गजवळच्या हथखोज औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याच्या कार्यालयात मी तेव्हा पत्रव्यवहार पाहत होते. निवृत्तीनंतर काका तिथल्या नव्या क्रेनचालकांना शिकवायला येत. अशात मालकांनी एक वेगळेच धाडस केले. मोबाइलवरच्या नेमबाजीच्या खेळाचा एक व्यावसायिक संघ त्यांनी उभा केला आणि देशपातळीवरच्या लीगमध्ये त्याला जागा मिळवून दिली. कार्यालयावरचा मजला रिकामा करून तिथे चार खुर्च्या, चार फोन, चार हेडफोन आले. संघाच्या बातम्या लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. राहता राहिला खेळणाऱ्या मुलांना वेळेवर उठवणारा, जेवू घालणारा, आईबापांना विश्वासाचा वाटेल असा वडीलधारा माणूस. मालकांनी काकांना विचारले.

“मले त्यातलं काई समजत नाही,” काका म्हणाले.

“म्हणूनच तुम्ही,” मालक म्हणाले.

खेळ थोडक्यात सांगते, कारण मलाही तो थोडक्यातच कळला. एका काल्पनिक बेटावर सोळा संघ उतरतात, प्रत्येकात चौघे. बेटाभोवतीचे वर्तुळ आवळत जाते, सगळ्यांना एकमेकांच्या जवळ ढकलत जाते. शेवटपर्यंत जो संघ उभा राहील तो सामना जिंकतो. असे पुष्कळ सामने मिळून एक हंगाम. हंगामाच्या शेवटी गुणतक्त्यातले तळचे चार संघ लीगबाहेर जातात. आमचा पहिला हंगाम होता आणि मालकांनी स्पष्ट सांगितले होते: टिकलो तर पुढे, नाही तर वरच्या मजल्यावर पुन्हा गोदाम.

चौघांत तुषार कर्णधार होता. दुर्गच्या मराठी घरातला, घरात मराठी आणि उंबरठ्याबाहेर हिंदी. दोघे रायपूरचे, सख्खे मावसभाऊ. आणि चौथा दिलेश, अहिवाऱ्याचा. वीस वर्षांचा, अंगाने किडकिडीत, त्याचे काम मागची बाजू राखण्याचे. खेळताना तो इतके बोले की मावसभाऊ त्याला ‘रेडिओ’ म्हणत.

दिलेशच्या घरून परवानगी मिळत नव्हती. तेव्हा काका स्वतः गेले आणि मलाही बरोबर नेले. “बाईमाणूस संग असलं म्हणजे माय बोलते,” असा त्यांचा हिशेब. अहिवाऱ्याच्या वाटेवर चुनखडीची पांढरी धूळ तोंडात येत होती. जिभेवर तिची एक थंड, मातकट चव बसली. दिलेशचे वडील खाणीत कामाला. त्यांच्या पापण्यांवरही ती धूळ होती, धुऊनही न गेलेली.

आईची तक्रार सोपी होती. “घर मं तो मुँह नइ खोलय, अउ फोन मं दिन भर गोठियाथे!” घरात तोंड उघडत नाही, फोनमध्ये दिवसभर बडबडतो. दिलेश दाराआड उभा राहून हसत होता.

वडिलांनी विचारले, “खेल में चोट-वोट तो नइ लगय न?”

“लगती है,” काका म्हणाले. “दिखती नहीं.”

मला वाटले, संपले; आता कशाला पाठवतील. पण त्या खाणकामगाराने मान हलवली. खोटे न बोलणारा माणूस त्याला बहुधा पुष्कळ दिवसांनी भेटला असावा. निघताना काकांनी आईकडे वळून हात जोडले. “एक सीज़न. जैसा ले जा रहा हूँ, वैसा ही वापस लाऊँगा.”

पहिल्या सरावाला काका भिंतीला खुर्ची लावून डोळे मिटून बसले. समोर चौघांचा नुसता कल्लोळ. “बायें, बायें!” “अबे धुआँ फेंक!” “मैं गया, मैं गया!” “तू हमेशा जाता है!” खालून लेथची किरकिर येत होती, हवेत तापलेल्या चार्जरचा आणि कटिंग ऑइलचा वास. दहा मिनिटांनी चमचा वाजला.

“सिग्नलमन कितने हैं तुम में?”

मुलांनी एकमेकांकडे पाहिले. तुषार म्हणाला, “मतलब?”

“चार जन चिल्ला रहे हैं. चार सिग्नलमन, और क्रेन एक. लोड गिरेगा ही.”

आणि मग त्यांनी त्यांच्या आयुष्याचा नियम सांगितला. क्रेनवरचा माणूस खालच्या एकाच माणसाचा इशारा मानतो. बाकी शंभर जणांनी हात हलवले तरी त्याच्या लेखी ते वारा. अपवाद फक्त एक: थांबण्याचा इशारा. तो कोणीही द्यावा. “‘रुको’ कोई भी बोल सकता है. झाड़ूवाला भी. बोला, तो हाथ जहाँ है वहीं. क्यों बोला, बाद में पूछना.”

हा नियम त्यांनी मला पाटीवर लिहायला सांगितला. माझे अक्षर चांगले, म्हणून. मी निळ्या रंगाने, मन लावून लिहिला: इशारा एक का, रुको सबका. ती पाटी चौघांच्या समोरच्या भिंतीवर लागली. पाटी मी लिहिली होती, हे मी विसरू शकत नाही.

काकांना पडद्यावरचे काही दिसत नसे. दिसले तरी उमजत नसे. ते मुलांच्या हातांकडे पाहत. “पडद्यावर काय होऊन राहिलं ते मले समजत नाही, ताई. हात समजतात.” एकदा सामना सुरू होण्याआधी त्यांनी मोठ्या मावसभावाचा हात आपल्या तळव्यात घेतला आणि म्हणाले, “ठंडा है. घर में क्या हुआ?” त्याच्या आजीला त्या सकाळी दवाखान्यात नेले होते. तो कोणालाही बोलला नव्हता.

हंगाम सुरू झाला आणि आम्ही हरू लागलो. सामने आमच्याच मजल्यावरून खेळले जात; लीगचा कॅमेरा चौघांवर रोखलेला, समालोचकांचे आवाज कुठल्या तरी दूरच्या शहरातून येत. पहिल्या आठवड्यात आम्ही बहुतेक वेळा सगळ्यांत आधी बाद झालो. मुले हेडफोन फेकत, एकमेकांवर धावून जात. काकांचा त्यावर एकच तोडगा होता. “पहले हाथ धोओ, फिर लड़ो.” चौघांना ते खाली कारखान्याच्या नळावर पिटाळत. तिथे कामगार लाकडाचा भुसा आणि साबणाची पूड घेऊन कोपरापर्यंत हात घासत असत. मुलांच्या हातांना ना तेल, ना काजळी. तरी त्या रांगेत उभे राहून त्यांनाही हात घासावे लागत.

“काय हो पहिलवान, आज काय उचललं?” एखादा फिटर विचारी.

“हार उचलली,” तुषार म्हणे, आणि भांडण तिथेच भुशाबरोबर वाहून जाई.

हळूहळू खोलीतला गोंगाट कमी झाला. तुषार बोले, बाकीचे हलत. दिलेशचा रेडिओसुद्धा मोजका वाजू लागला. हंगामाच्या मध्यावर आम्ही तळापासून सहाव्या जागी आलो. मी बातमी लिहिली, मालकांनी खाली कामगारांना जिलेबी वाटली, आणि काकांनी जिलेबीचा तुकडा तोंडाजवळ नेऊन पुन्हा ताटात ठेवला. “पायरीवर पाय ठेवला म्हणजे वर पोचला असं नसते,” ते म्हणाले.

मग तो सामना आला. पहिल्यांदाच आमचे चौघेही शेवटपर्यंत जिवंत होते. बेटावर तीनच संघ उरलेले, वर्तुळ अगदी लहान. मधल्या उघड्या मैदानातून पळत जाऊन एका पडक्या भिंतीआड शिरायचे होते. तुषारने इशारा दिला, चौघे धावले. अर्ध्या वाटेवर दिलेशला मागच्या घराच्या खिडकीत काही तरी हलल्यासारखे वाटले.

“रुको!”

आणि ते थांबले. चौघेही. पाटीवर लिहिले होते तसे. हात जिथे होते तिथेच. उघड्या मैदानात, आडोसा नाही, झाड नाही, ते चौघे दोन-तीन क्षण नुसते उभे राहिले. दुसऱ्या कुठल्याही संघाने हे केले नसते. तेवढा वेळ समोरच्यांना पुष्कळ होता.

मागच्या खिडकीत कोणीच नव्हते.

समालोचकांना हसू आवरेना. त्या क्षणांची चित्रफीत संध्याकाळपर्यंत सगळीकडे फिरली. लहानपणी आपण सगळेच स्टॅच्यूचा खेळ खेळलेलो असतो. लोकांना नाव शोधावे लागले नाही. दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर कोणी तरी दिलेशकडे बोट रोखून ओरडले, “ए, स्टॅच्यू!” टपरीवरचे सगळे हसले. तोही थोडासा हसला. चहा तसाच ठेवून वर आला.

त्यानंतर दिलेश बोलला नाही. रुसला नव्हता, आजारीही नव्हता. बोलावले की येई, वाढले की जेवे, खेळायला बसले की खेळे. पण सामन्यात त्याचा आवाज नाहीसा झाला आणि पाठोपाठ जेवणाच्या ताटावरूनही. विचारले तर मान हलवी. मागची बाजू राखणारा मुका झाला की संघ पाठीने आंधळा होतो. आम्ही पुन्हा तळाकडे घसरू लागलो.

काका एका संध्याकाळी नळावर एकटेच हात धूत होते. फार वेळ. मी शेजारी जाऊन उभी राहिले.

“ताई, मी पस्तीस वर्षं वरून पाह्यलं,” ते म्हणाले. “वरचा थांबला म्हणजे खालचा वाचते. हे पोरं तर खालून पळून राहिले होते. खालच्याले थांब म्हणाचं नसते. एवढी गोष्ट मले कावून नाही समजली?”

मी म्हणाले, “काका, पाटी मी लिहिली.”

“तुम्ही अक्षर लिवलं,” ते म्हणाले. “नियम माझा.”

त्यांनी नळ बंद केला.

दोन दिवसांनी मालकांनी बैठक घेतली. हंगामाच्या मध्यात एक खेळाडू बदलण्याची मुभा होती. मालकांच्या मनात दुसऱ्या शहरातला एक नामांकित खेळाडू होता आणि जाणारे नाव दिलेशचे. मी टिपणे घ्यायला बसले होते. टेबलावर चमचा नव्हता. काकांनी नखाने काचेवर दोनदा वाजवले.

“साहेब, अपघात झाला की चौकशीत पहिले काय विचारतात? माणूस कोणता, ते नाही. नियम कोणाचा, ते. नियम त्यानं पाळला. माझा होता. बदलाचं तर मले बदला.”

मालक वैतागले. “काका, तुम्हाला बदलून गुण वाढतात का?”

“त्याले काढलं तर तो पोरगा घरी असा मुका जाईन,” काका म्हणाले. “त्याच्या मायकडून मी तसा नाही आणला.”

बराच वेळ वाद झाला. शेवटी ठरले ते असे: दिलेश हंगामभर खेळेल, आणि काका आठवड्याअखेर जातील. मालकांनाही कोणाला तरी जाताना दाखवायचेच होते. बाहेर आल्यावर काकांनी मला बजावले, “पोरांले सांगू नका. त्याले वाटंन, माझ्यापाई गेले. ओझं घेऊन खेळता येत नाही. लेकीनं बोलावलं म्हणा.”

जाण्याआधीच्या दुपारी ते दिलेशला घेऊन खिडकीत बसले. खाली हथखोजचा रस्ता, उन्हात पांढरा पडलेला. मी माझ्या टेबलावरून ऐकत होते.

“‘रुको’ अब कभी नहीं,” काका म्हणाले. “वो नियम मेरा ग़लत था. जो दिखे, सिर्फ वो बोल. क्या करना है, तुषार देखेगा. देख, ऐसे. ट्रक.” थोडे थांबून, “साइकिल.” पुन्हा थांबून, “दो औरतें. एक छाता.”

प्रत्येक शब्दानंतर ते दिलेशसाठी जागा सोडत. दिलेश पाहत राही.

“बकरी,” काका म्हणाले. “एक और बकरी. ये तीसरी... नहीं, ये कुत्ता है.”

मावसभाऊ तोंड दाबून हसले. दिलेशच्या ओठांचा कोपरा हलला, पण आवाज आला नाही. तासभर ते रस्ता वाचत बसले. जगातली एवढी साधी कविता मी त्याआधी ऐकली नव्हती आणि एखाद्या कवितेला दुसऱ्या ओळीसाठी इतके झुरताना कधी पाहिले नव्हते. ऊन उतरले तेव्हा काकांनी मुलाच्या दोन्ही हातांवरून आपले तळवे फिरवले आणि ते उठले. घंटी न देता. तेवढ्या दिवसांत पहिल्यांदाच.

जिन्यात मला म्हणाले, “शेवटच्या सामन्यापर्यंत तुम्ही तिथं बसत जा. काई करू नका. नुसतं बसा.”

पोलाद कारखान्याच्या वसाहतीतले भाड्याचे क्वार्टर सोडून ते वर्ध्याकडच्या आपल्या गावी गेले. त्यानंतर त्यांची माझी भेट नाही. मुलांना मी लेकीचे कारण सांगितले. तुषारने मान डोलावली. दिलेश माझ्याकडे पाहत राहिला. त्याला ते खरे वाटले की नाही, मला आजही ठाऊक नाही.

मी बसत गेले. भिंतीवरची पाटी कोणी तरी उतरवून उलटी ठेवली होती. सामने होत, मी खुर्चीत हात बांधून बसे आणि काकांसारखे हातांकडे पाहण्याचा प्रयत्न करी. मला काही समजत नसे. एवढेच दिसे की दिलेशचा घसा अधूनमधून हलतो, शब्द तिथपर्यंत येतो आणि परत जातो.

शेवटच्या दिवशी आम्हाला लीगमध्ये राहायला शेवटचा सामना जिंकणे भाग होते. दोघे मावसभाऊ आधीच बाद झाले. उरले तुषार आणि दिलेश. वर्तुळ पुन्हा लहान, पुन्हा उघडे माळरान, समोर एक उंचवटा. तुषारचे डोळे पुढे लागलेले.

“पीछे क्या है? दिलेश, पीछे?”

काही नाही. लेथ चालू होते. कोणी तरी खाली हातोडा मारत होते.

“पीछे बोल, भाई. कुछ भी बोल.”

मग एक आवाज आला. चिरका, गंज चढलेला, आणि हिंदीतही नव्हे. घरच्या भाषेत, आईच्या भाषेत.

“पाछू डहर. दू झन हें.”

मागच्या बाजूला. दोघे आहेत.

तुषार वळला. दुर्गच्या मुलाला ती भाषा समजावून सांगावी लागत नाही. मागचे दोघे पडले. “अउ एक,” दिलेश म्हणाला, “पेड़ के तरी मं,” आणखी एक, झाडाखाली; आणि मग तो थांबलाच नाही. झाड, दगड, धूर, डावीकडे कोणी नाही, उजवीकडे कोणी नाही; जे दिसेल ते तो सांगत होता, भराभर, श्वास न घेता. मावसभाऊ खुर्चीवर उभे राहिले होते. मी बसूनच होते, सांगितल्याप्रमाणे, आणि मला पडदा दिसेनासा झाला होता.

आम्ही दुसरे आलो. जिंकणारा संघ शेवटी समोरच्या उंचवट्यावर दबा धरून बसलेला निघाला. गुण लागले तेव्हा आम्ही रेषेच्या खाली होतो, एका जागेने. समालोचकांनी आमच्या झुंजीचे दोन वाक्यांत कौतुक केले आणि ते पुढच्या संघाकडे वळले.

मुले खाली नळाकडे गेली. मी काकांना फोन लावला. त्यांच्याकडे सामना दिसत नसे. त्यांनी तसा फोनही कधी घेतला नाही. पलीकडे पाण्याची मोटर चालू होती. मी सांगत गेले: दुसरे आलो, काका, शेवटच्या सामन्यात दुसरे, पण एका जागेने राहिलो, लीगबाहेर गेलो, मालक म्हणतात वरचा मजला रिकामा करा, सोमवारी सामान हलेल. माझा आवाज मला आवरत नव्हता. त्यांनी सगळे ऐकून घेतले. मोटर बंद झाल्याचे ऐकू आले. मग त्यांनी विचारले,

“बोलला?”